नव्या ग्राफिक्स कार्डला एसएमपीएसच्या केबल कशा जोडाव्यात

ग्राफिक्स कार्ड स्लॉटमध्ये बसवणं सोपं आहे, कारण ते एकाच बाजूने बसतं. घोटाळा होतो तो केबलमध्ये. एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, निघणाऱ्या काही केबल बाहेरून जवळजवळ सारख्या दिसतात आणि आतून पूर्ण वेगळ्या असतात. शिवाय चुकीची जोडणी प्रत्येक वेळी लगेच लक्षात येत नाही. काही चुकांमध्ये पीसी सुरूच होत नाही, म्हणजे तुम्ही वाचलात. काही चुकांमध्ये सगळं सुरळीत चालतं आणि तीन महिन्यांनी कनेक्टरचं प्लॅस्टिक वितळलेलं सापडतं. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी थोडा हिशेब करायचा.

कार्डाला किती हवं, एसएमपीएस किती देतो

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनी कनेक्टर आणखी ७५ वॅटसाठी असतो, ८ पिनी १५० वॅटसाठी आणि नवा १६ पिनी ६०० वॅटपर्यंत. कार्डावरचे सॉकेट मोजले की त्याची भूक साधारण कळते. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॅटवर भागवतं, त्याला वेगळी केबल लागतच नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, त्यासाठी बहुतेक मॉडेलांवर एक ८ पिनी सॉकेट असतं. आरएक्स ७८०० एक्सटीचा आकडा २६३ वॅट, म्हणून दोन ८ पिनी. आरटीएक्स ५०७० ला २५० वॅट, ५०८० ला ३६० आणि ५०९० ला तब्बल ५७५ वॅट लागतात.

आरटीएक्स कार्डांची कंपनी एनव्हिडिया स्वतः ४०६० साठी ५५० वॅटचा, ५०७० साठी ६५० चा, ५०८० साठी ८५० चा आणि ५०९० साठी १००० वॅटचा एसएमपीएस सुचवते. हे आकडे फुगवलेले वाटतात, पण त्यामागे कारण आहे. कार्डाची सरासरी खपत २५० वॅट असली तरी काही मायक्रोसेकंदांसाठी ती त्याच्या कितीतरी वर उसळते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने असे क्षणिक झटके सोसले पाहिजेत अशी अट घातली गेली. जुना किंवा हलका एसएमपीएस अशा झटक्याला ओव्हरलोड समजतो आणि गेम ऐन रंगात आलेला असताना पीसी फट्‌दिशी बंद होतो.

एसएमपीएसच्या बाजूला स्टिकर असतो, तो वाचा. मोठ्या अक्षरातला वॅटचा आकडा सोडा, +१२ व्होल्टचा रकाना बघा. तिथे ५४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले ५४, म्हणजे ६४८ वॅट खऱ्या कामाचे, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघेही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. कॅबिनेटसोबत स्वस्तात आलेल्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं आणि १२ व्होल्टच्या रकान्यात जेमतेम २० अँपिअर, म्हणजे २४० वॅट. त्यावर १५० वॅटचं कार्ड आणि गरम डोक्याचा प्रोसेसर एकत्र चालणार नाहीत. ‘८० प्लस’चा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतला माल किती दमाचा आहे ते नाही.

एसएमपीएसला ८ पिनी पीसीआयई, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, कनेक्टरच नसेल, तर बनवणाऱ्याने तो अशा कार्डासाठी बनवलेला नाही, एवढं स्पष्ट समजावं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत साटा-टू-६ पिन किंवा मोलेक्स-टू-८ पिन कन्व्हर्टर सहज मिळतात, म्हणजे हार्ड डिस्क वगैरेंच्या कनेक्टरमधून कार्डाला वीज देणारे. ते घेऊ नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. तीनही मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. त्यातून ६ पिनी सॉकेटसाठी ७५ वॅट ओढायचे म्हटले तर कनेक्टर तापणारच. बुधवार पेठेपर्यंत जाताच आहात तर तेवढ्याच फेरीत धड एसएमपीएसची चौकशी करा. पैसे जास्त जातील, पण ते योग्य ठिकाणी जातील.

सारख्या दिसणाऱ्या दोन केबल

एसएमपीएसमधून ८ पिनी केबल दोन प्रकारच्या निघतात. एक प्रोसेसरची, जी मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते. दुसरी ग्राफिक्स कार्डाची. प्रोसेसरची केबल बहुधा ४+४ अशी दुभंगते, कार्डाची ६+२ अशी. कनेक्टरवर ‘सीपीयू’ किंवा ‘पीसीआयई’ असं कोरलेलंही असतं. मोबाइलच्या उजेडात वाचून घ्या.

फरक फक्त आकाराचा नाही. प्रोसेसरच्या केबलमध्ये चार तारा १२ व्होल्टच्या आणि चार ग्राउंडच्या असतात, आणि १२ व्होल्टच्या तारा खटक्याच्या, म्हणजे कनेक्टर अडकवून धरणाऱ्या पट्टीच्या, बाजूला येतात. कार्डाच्या केबलमध्ये १२ व्होल्टच्या तीनच तारा आणि उरलेल्या पाच ग्राउंडच्या. खटक्याच्या बाजूला ग्राउंड. म्हणजे दोघांची दिशा उलटी आहे. रंगीत तारांचा एसएमपीएस असेल तर हे नुसतं बघून कळतं: पिवळी १२ व्होल्ट, काळी ग्राउंड. पिनांच्या भोवतीचे चौकोनी आणि गोलसर कोपरेही वेगळे ठेवलेत, जेणेकरून चुकीची केबल आत जाऊ नये. तरीही जोर लावला तर प्लॅस्टिक हार मानतं. मग १२ व्होल्ट थेट ग्राउंडवर जातात. चांगला एसएमपीएस तिथेच ट्रिप होतो, साध्याची खात्री नाही. म्हणून नियम एकच: कनेक्टर अडला की थांबायचं आणि पुन्हा वाचायचं.

मॉड्युलर एसएमपीएस, म्हणजे ज्याच्या केबल दोन्ही टोकांनी निघतात, त्यात आणखी एक सापळा आहे आणि तो सगळ्यात महागात पडतो. केबलचं कार्डाकडचं टोक सगळ्या कंपन्यांत सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कुठलंही मानक नाही. कोणत्या पिनवर १२ व्होल्ट आणि कोणत्या पिनवर ग्राउंड, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते बदलू शकतं. त्यामुळे जुन्या एसएमपीएसची केबल नव्याला लावणं, मित्राकडची जादा केबल वापरणं, किंवा ‘सगळ्याला चालते’ असं सांगून विकलेली केबल घेणं, हे तिन्ही टाळा. ती बसते, खटकाही वाजतो, आणि बटण दाबताच कार्ड किंवा हार्ड डिस्क जाते. नवा एसएमपीएस घेतला की जुन्याच्या सगळ्या केबल काढून त्याच्याच खोक्यात बांधून ठेवायच्या. केबल हरवली असेल तर एसएमपीएसचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन त्याच कंपनीची, त्याच प्रकारची केबल मागवा.

मॉड्युलर केबलचं कुठलं टोक कुठे, यातही गोंधळ होतो. ६+२ असं फुटलेलं टोक कार्डाकडे, अखंड टोक एसएमपीएसकडे.

एक केबल की दोन

बऱ्याच पीसीआयई केबलच्या शेवटी एकाऐवजी दोन ८ पिनी कनेक्टर असतात. पहिल्यातून छोटा तुकडा पुढे जाऊन दुसरा निघतो. कार्डावर दोन सॉकेट आणि केबलवर दोन कनेक्टर, म्हणून एकाच केबलवर काम भागवायचा मोह होतो. हिशेब असा: १५० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर, तीन तारांत वाटले तर तारेमागे चार अँपिअरच्या आसपास. दोन्ही कनेक्टर भरून वापरले तर तेवढ्याच तीन तारांतून २५ अँपिअर, म्हणजे तारेमागे आठच्या वर. १६ गेजची जाड तार हे पेलते. १८ गेजच्या बारीक तारेतही लगेच काही जळत नाही, पण केबल आणि एसएमपीएसकडचा कनेक्टर कोमट ते गरम होतो, आणि भार वाढला की कार्डापर्यंत पोचणारं व्होल्टेज घसरतं.

आमचं मत सरळ आहे. कार्ड २०० वॅटच्या वर असेल तर प्रत्येक सॉकेटला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्या. तीन सॉकेट असतील आणि केबल दोनच असतील, तर एका केबलचे दोन्ही आणि दुसरीचा एक, असं चालतं. तिन्ही सॉकेट एकाच केबलवरून, कन्व्हर्टर लावून, कधीही नाही. लोंबणारा रिकामा कनेक्टर दिसायला वाईट दिसतो म्हणून लोक एक केबल वाचवतात. त्याला मागे वळवून झिप टायने बांधा, काम झालं.

हात लावण्याआधी

पीसी शटडाउन करा. एसएमपीएसच्या मागचं बटण ‘०’ कडे करा, भिंतीवरचा स्विच बंद करा आणि प्लग काढून ठेवा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाईल. मदरबोर्डवरचा छोटा दिवा विझलाय ना, बघून घ्या.

पुण्यात डिसेंबर ते मे हवा कोरडी असते. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो त्या दिवसांत अंगावरची स्थिर वीज चिपला पुरेशी घातक असते. सतरंजीवर बसून काम करू नका. कार्डाला हात लावण्याआधी आणि अधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा. मनगटपट्टा असेल तर उत्तमच.

अर्थिंगचं नीट बघा. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि काही जुन्या इमारतींत तीन पिनी सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या छिद्रामागे तारच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर हीच शंका घ्यायची. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपेक्षा बरंच जास्त असेल तर आधी ते दुरुस्त करायचं, कार्ड नंतर.

बसवण्याचा क्रम

कॅबिनेट आडवं ठेवा. प्रोसेसरच्या सर्वात जवळचा लांब स्लॉट घ्या. त्याच्या समोरच्या मागच्या पट्ट्या काढा, बहुतेक कार्डांना दोन किंवा तीन लागतात. स्लॉटच्या टोकाचं लॉक उघडा. कार्ड दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन सरळ खाली दाबा. लॉकचा ‘टक’ आवाज आला की मागच्या स्क्रूंनी ते पक्कं करा. केबल यानंतरच. आधी केबल आणि मग स्क्रू असं केलं की केबलच्या ओढीने कार्ड तिरकं होतं आणि स्लॉटमध्ये एका बाजूने उचललं जातं.

६+२ कनेक्टरचा २ पिनी तुकडा ६ पिनी तुकड्याला आधी जोडून घ्या. एकाच्या कडेला बारीक खाच असते, दुसऱ्याची कड त्यात सरकते. दोन्ही एका बोटात धरून, खटका सॉकेटवरच्या उंचवट्याच्या बाजूला ठेवून, एकदम आत दाबा. २ पिनी तुकडा बाहेर राहिला तर कार्डाला वाटतं ६ पिनीच केबल लागली आहे, आणि ते सुरू व्हायला नकार देतं किंवा अर्ध्या ताकदीने चालतं.

दाबताना कार्डाला खालून दुसऱ्या हाताचा आधार द्या. बसल्यावर केबल न ओढता फक्त कनेक्टर हलकेच मागे खेचून बघा. सुटला नाही तर खटका लागलाय. मॉड्युलर एसएमपीएस असेल तर हीच परीक्षा दुसऱ्या टोकालाही घ्या. लोक कार्डाकडचं टोक तीनदा तपासतात आणि एसएमपीएसकडचं टोक अर्धवट बाहेर असतं.

१६ पिनी कनेक्टर

याला वेगळा वेळ द्यायला हवा. आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आलं आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या कनेक्टरचे फोटो दिसू लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने जगभरातली सुमारे ५० प्रकरणं माहीत असल्याचं आणि त्यांत कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे सामाईक कारण दिसत असल्याचं सांगितलं.

कारण आकड्यांतच आहे. ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, आणि ते सहा बारीक पिनांतून जातात. प्रत्येकीवर ८.३ अँपिअर, तर पिनेची मर्यादा ९.५ अँपिअर. जुन्या ८ पिनीत क्षमतेच्या जवळजवळ अर्ध्यावर काम चालायचं, इथे मोकळीक अगदी थोडी आहे. सहापैकी दोन पिना नीट टेकल्या नाहीत तर उरलेल्या चारांवर साडेबारा अँपिअर येतात. तापलेल्या पिनेचा अडथळा वाढतो, ती आणखी तापते.

२०२३ मध्ये सुधारित सॉकेट आलं, १२व्ही-२x६ नावाचं. त्यात खालच्या चार छोट्या सेन्स पिना (यांवरून कार्डाला केबल लागल्याचं कळतं) आखूड केल्या आणि वीज वाहणाऱ्या पिना किंचित लांब. केबल अर्धवट बसली तर सेन्स पिना टेकत नाहीत आणि कार्ड वीज ओढतच नाही. जुनी केबल या सॉकेटला चालते, कारण बदल सॉकेटमध्ये आहे. पण सुधारित सॉकेट असलं तरी काळजी तेवढीच घ्यायची.

जोडताना कनेक्टर सरळ रेषेत धरा, दोन्ही अंगठ्यांनी दाबा, आणि कनेक्टर व सॉकेट यांच्यामध्ये फट उरली नाही ना हे बाजूने टॉर्च मारून बघा. नखाएवढी फटही चालणार नाही. यात ‘टक’ आवाज फार हळू येतो, काही केबलला येतच नाही, म्हणून कानांपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. कनेक्टरपासून पहिले ३५ मिलिमीटर केबल सरळ राहू द्या, वळण त्यानंतर. कॅबिनेटची काच लागताना केबल दाबली जात असेल तर ते कॅबिनेट या कार्डासाठी अरुंद आहे. काच काढून वापरा किंवा कॅबिनेट बदला. काटकोनी अडॅप्टर हा उपाय नाही: २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत अशा अडॅप्टरांचे हजारो नग तापण्याच्या धोक्यामुळे परत मागवावे लागले.

शक्य असेल तर एसएमपीएसच्याच कंपनीची थेट १६ पिनी केबल वापरा. कार्डाच्या खोक्यातला अडॅप्टर वापरायचा असेल तर त्याचे सगळे ८ पिनी सॉकेट भरा, आणि प्रत्येकाला वेगळी केबल द्या. ४०९० च्या अडॅप्टरला तीन केबल लावल्या तर कार्डाला ४५० वॅटचीच परवानगी मिळते, चार लावल्या तर ६०० ची. आणि हा कनेक्टर पुन्हा पुन्हा काढघाल करण्यासाठी नाही, त्याचं ठरलेलं आयुष्य ३० वेळांचं आहे.

प्लग कुठे लावायचा

१००० वॅटचा एसएमपीएस पूर्ण भारावर २३० व्होल्टच्या लाइनमधून पाच अँपिअरच्या जवळपास घेतो. ६ अँपिअरच्या सॉकेटला हे काठावरचं आहे, आणि त्याच बोर्डवर मॉनिटर, स्पीकर, चार्जर असतील तर नकोच. मोठ्या पीसीला १६ अँपिअरचं सॉकेट द्या. हलका एक्स्टेन्शन बोर्ड मधे घालू नका.

गुरुवारी महावितरणची दुरुस्ती आणि पावसाळ्यात अधूनमधून वीज जाणं, यामुळे बऱ्याच घरांत यूपीएस असतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. आरटीएक्स ५०७० चे २५० वॅट, प्रोसेसरचे शंभर-सव्वाशे आणि मॉनिटर धरला की तो वीज गेल्याक्षणी बोंब मारून बंद होतो. गेमिंग पीसीसाठी यूपीएस घ्यायचा तर वॅटचा आकडा बघून, व्हीएचा नव्हे.

पहिल्यांदा सुरू करताना

मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डच्या एचडीएमआयला नाही. ‘कार्ड चालत नाही’ म्हणून परत नेलेल्या पीसीत ही चूक हमखास निघते. कॅबिनेट अजून उघडंच ठेवा.

बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, किंवा पंखा एक गिरकी घेऊन थांबत असेल, तर एसएमपीएसने शॉर्ट ओळखला आहे. लगेच प्लग काढा आणि कुठली केबल कुठे गेली ते पुन्हा वाचा. पुन्हा पुन्हा बटण दाबून बघू नका. पंखे पूर्ण वेगाने फिरतात पण डिस्प्ले नाही, किंवा कार्डावर सॉकेटजवळ लाल दिवा लागलाय, तर पॉवर केबल राहिली आहे किंवा अर्धवट बसली आहे. मदरबोर्डवर ‘व्हीजीए’चा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, दिवा जळत राहिला तर कार्ड काढून स्लॉटमध्ये परत नीट बसवा. विंडोज चालतं पण गेम सुरू केल्यावर पीसी बंद होतो, तेव्हा संशय एसएमपीएसच्या ताकदीवर किंवा एकाच केबलवर लादलेल्या दोन सॉकेटांवर.

सगळं ठीक दिसलं की व्होल्टेज आणि तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअर उघडून ठेवा आणि एखादा जड गेम किंवा कार्डावर पूर्ण भार टाकणारं फरमार्क पंधरा मिनिटं चालवा. कार्डाकडे येणारं १२ व्होल्ट ११.४ च्या खाली जात असेल तर जोडणी किंवा केबल कमी पडतेय. भार चालू असतानाच कनेक्टरजवळच्या केबलला बाहेरून बोट लावून बघा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर बंद करा. आठवड्याभराने एकदा आणि नंतर धूळ साफ करताना कनेक्टर पूर्ण आत आहे ना ते नुसत्या नजरेने तपासा, काढून नव्हे.

जळका वास आला किंवा प्लॅस्टिक तपकिरी झालेलं दिसलं, तर प्लग काढून सगळं थंड होऊ द्या. चिकटलेला कनेक्टर पकडीने ओढून काढू नका, पिना सॉकेटसकट निघतात आणि वॉरंटीचा दावा अवघड होतो. जसं आहे तसं सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि कार्ड, केबल व बिल तिन्ही घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. केबल एसएमपीएसच्या खोक्यातली असेल तर दावा दोन ठिकाणी करता येतो, कार्डाच्या कंपनीकडे आणि एसएमपीएसच्याही.